सिनेमातली आई आणि आमची

आमच्या दुर्गाघाटाच्या गल्लीत दर चार-सहा महिन्यांनी कुणीतरी सिनेमा काढायला येतं. त्यांना जुनं दार हवं असतं, गाय हवी असते आणि मागे गंगा. गाय आपणहून येते, गंगा आहेच. माणसांना मात्र "जरा बाजूला व्हा" म्हणून हाकलावं लागतं, कारण काशीतली खरी माणसं मध्ये आली की काशी बिघडते. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी एका दुपारी दाराची कडी वाजली आणि गळ्यात ओळखपत्र लटकवलेली एक बाई दिसली, तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, "छत मिळणार नाही. मागच्या लोकांनी तुळशीत सिगारेटी विझवल्या."

"छत नकोय," ती हिंदीत म्हणाली. "आम्हाला तुमच्या आईंना भेटायचंय."

कोपऱ्यावरच्या पानवाल्याने पत्ता दिला होता. ही मंडळी एका मंदबुद्धी आईवर सिनेमा काढत होती. आई मनाने लहान मूल, मुलगी अतिशय हुशार, कोर्ट मुलीला आईपासून तोडतं, मग सगळे रडतात. नटीला म्हणे "खऱ्या अनुभवाजवळ बसायचं" होतं. आणि पानवाल्याने पिंक टाकत सांगितलं होतं की खरा अनुभव डाव्या हाताला, निळ्या दाराच्या घरात राहतो.

मी दार लावून घेणार, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. "कोण आहे गं? आत ये म्हणावं. चपला बाहेर."

झालं. आईने एकदा आत ये म्हटलं की मग ते यमाच्या बापालाही लागू होतं.

आई तेव्हा बासष्ट वर्षांची होती. तिला अक्षरं कळत नाहीत, घड्याळ कळत नाही, आज वार कोणता ते कळत नाही. एकादशी मात्र बरोबर कळते, कारण साबुदाणा. तिला पाच पदार्थ उत्तम येतात, सहावा शिकवायला गेलं तर ती तो पाचातल्याच कुठल्यातरी वळणावर नेते. कापसाच्या वाती अशा वळते की पंचगंगा घाटावर कार्तिकात जे आकाशदिवे बांबूवर चढवतात, त्यांच्या वातींसाठी पुजारी आमच्याच दारात येतात. तिला माहेरी 'साधी' म्हणत, सासरी 'भोळी', गल्लीत 'पगली', आणि माझी आत्या 'अर्धवट' म्हणायची. वडील गेल्यावर पेन्शनच्या कागदांसाठी मी तिला डॉक्टरकडे नेलं, तेव्हा त्यांनी प्रमाणपत्रावर लिहिलं, 'बौद्धिक अक्षमता, मध्यम'. मी ते वाचून दाखवलं. आई म्हणाली, "म्हणजे पास झाले का?"

"झालीस," मी म्हटलं.

ती खूश झाली. परीक्षा दिल्याचा तो तिचा एकमेव प्रसंग.

अण्णा, म्हणजे माझे वडील, संस्कृतचं व्याकरण शिकवायचे. लग्न ठरवताना त्यांना एवढंच सांगितलं होतं की मुलगी मध्य प्रदेशातल्या सागरची आहे आणि फार बोलत नाही. पत्रिका आमच्या गल्लीतल्या सर्वांत मोठ्या ज्योतिषांनी पाहिली होती. ग्रह बघता बघता मुलगी बघायची राहिली. लग्नानंतर चौथ्या दिवशी आत्याने आईला विचारलं, "किती वाजले गं?" आईने घड्याळाकडे नीट पाहून सांगितलं, "पुष्कळ वाजले."

आत्याने आकांत मांडला. फसवलं, नाक कापलं, मुलगी परत पाठवा. अण्णा म्हणाले, "छत्तीसपैकी तीस गुण जुळले म्हणून पेढे तुम्हीच वाटलेत ना? मग आता त्या तीस गुणांशी भांडा." आणि ते आईला घेऊन भाजी आणायला गेले. हे मला आत्यानेच सांगितलं, आणि दरवेळी तितक्याच संतापाने. पुढे अण्णांना कुणीतरी विचारलं होतं की एवढ्या विद्वान माणसाचं घरात कसं जमतं. ते म्हणाले, "दिवसभर पंडितांशी बोलल्यावर संध्याकाळी एखाद्या शहाण्या माणसाशी बोलावंसं वाटतं."

तर, नटी आली. नाव सांगत नाही. तुम्ही तिला साबणाच्या आणि सिमेंटच्या जाहिरातीत पाहिलेलं आहे. मेकअप न करता आली होती, आणि मेकअप न केल्यासारखं दिसायला तिला बहुधा दोन तास लागले होते. तिने वाकून आईच्या पायांना हात लावला. आई म्हणाली, "उठ बेटी, कंबर धरेल."

नटी चटईवर बसली, मांडीवर वही उघडली आणि आईकडे बघत राहिली. आई वाती वळत होती. असं पंधरा मिनिटं चाललं. मग आई मला मराठीत म्हणाली, "ही सारखी काय बघते? हिला लघवीला जायचंय का?"

"ती तुला बघायला आलीये."

"मग बघून झालं असेल तर कामाला लाव की."

आईने कापसाचा गोळा तिच्या हातात दिला. नटीने बोटाला थुंकी लावली. आईने तिच्या हातावर चापट मारली, "देवाचं आहे. राख लगाओ, राख." संध्याकाळपर्यंत त्या बाईच्या दोन वाती झाल्या आणि दोन्ही गांडुळासारख्या दिसत होत्या. आईने त्या वेगळ्या ठेवल्या, "ह्या नळाच्या तोटीला गुंडाळायला होतील."

दुसऱ्या दिवशी नटी गहू खात नाही असा शोध लागला. आईला फार वाईट वाटलं. "तुमच्याकडे मिळत नाही का?" तिने विचारलं. मी डबा भरून कणीक बांधून देईपर्यंत तिचं समाधान झालं नाही. त्याच दुपारी नटीने आम्हाला तिची 'आई' करून दाखवली. मान एका बाजूला कलती, तोंड जरासं उघडं, डोळे मोठे, बोटांनी पदराचं टोक पिळणं चाललेलं. आवाज पाच वर्षांच्या मुलीचा. करत होती मन लावून. मी भिंतीकडे बघायला लागले.

"हिच्या मानेला काय झालं?" आईने मला विचारलं.

"ती तू झालीये."

आईने पुन्हा नीट पाहिलं. "मी अशी?"

"नाही गं."

"मग सांग ना तिला. रात्री मान दुखेल."

मी सांगितलं. नटीला राग आला नाही, हे तिच्या बाजूने नोंदवते. ती म्हणाली, "दीदी, मलाही दिसतंय. पण तुमच्या आई तर आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरसारख्या वागतात. प्रेक्षकांना कळणार कसं?"

लोकांना कळावं म्हणून आई काही करत नाही, हा तिचा दोष खराच.

तिसऱ्या दिवशी मी नोकरी करते त्या बँकेत ऑडिट होतं. मी घरी आले ती डोकं धरून. आई घाटावर गेली होती आणि नटी माझी वाट पाहत बसली होती. तिने माझा हात हातात घेतला. सिनेमातली माणसं हात फार पटकन धरतात. "एक आठवण सांगा," ती म्हणाली, "जी तुम्ही कुणालाच सांगितली नाही."

होती तशी एक. मी तेरा वर्षांची होते. संस्कृत पाठांतरात माझा पहिला नंबर आला होता आणि बक्षीस घ्यायला आयांना बोलावलं होतं. मी आईला सांगितलं की आयांना बोलावलेलं नाही, आणि आत्याला घेऊन गेले. आत्याला नऊवारी नेसून मिरवायला आवडायचं, तिने काही विचारलं नाही. समारंभ सुरू व्हायच्या आधी आत्या आत जाऊन बसली होती, आम्ही मैत्रिणी मैदानात उभ्या होतो, आणि फाटकातून आई आली. एकटी. तोवर ती चौकाच्या पुढे कधी एकटी गेली नव्हती. लोकांना विचारत विचारत आली होती, कारण मी डबा विसरले होते. केस विस्कटलेले, एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात अण्णांची.

मैत्रिणीने विचारलं, "ये कौन हैं?"

मी म्हटलं, "हमारे यहाँ काम करती हैं."

आईला हिंदी माझ्याइतकंच कळतं. तिने डबा माझ्या हातात दिला. तेवढ्यात आमच्या बाई जवळ आल्या, तेव्हा आईने त्यांना हात जोडले आणि म्हणाली, "मैं इनके यहाँ काम करती हूँ." मग वळली आणि निघून गेली. घरी आल्यावर ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. मीही नाही. तिला कळलं होतं की नव्हतं, हे तीस वर्षं मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची हिंमत झाली नव्हती.

हे मी त्या साबणाच्या बाईला सांगणार होते का? मी तिला खोटं सांगितलं.

मी म्हटलं, दहावीला मी शाळेत पहिली आले. आईला वाचता येत नव्हतं. पण ती माझी मार्कशीट रोज देवासमोर बसून वाचायची. उलटी धरून. ती उलटी आहे हे तिला कळत नव्हतं, आणि मी कधी सांगितलं नाही.

हे मी बोलता बोलता रचलं. 'उलटी धरून'ला तर माझंच मला कौतुक वाटलं. खरं म्हणजे मार्कशीटची झेरॉक्स आईने लोणच्याच्या बरणीवर दोऱ्याने बांधली होती आणि गणिताच्या गुणांवर तेल पसरलं होतं. पण नटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आई घाटावरून ओल्या साडीने परत आली तशी ही धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. आई दोन्ही हात बाजूला धरून उभी राहिली. "अगं, भिजशील! हिचं कोणी गेलं का?"

शूटिंग पंचगंगा घाटावर होतं. आईला बघायला बोलावलं होतं, मी रजा टाकली होती. दिग्दर्शक उभा राहून काम करायचा, त्यामुळे त्याची खुर्ची रिकामी होती. आई तीत बसली. तिला उठवायला तीन वेगवेगळी माणसं आली आणि तीनही तिच्यासाठी चहा आणायला गेली.

प्रसंग असा होता की घाटावरच्या गर्दीत मुलगी हरवते आणि आई वेडीपिशी होते. नटी पायऱ्यांवर कोसळायची, मान कलती करायची आणि आकाशाकडे बघून हंबरडा फोडायची. चार वेळा कोसळली. दर वेळी तिला गादीवरून उठवून पुन्हा केस विस्कटून देत. पाचव्या वेळी ती कोसळली आणि आई खुर्चीतून उठली. मला वाटलं पाय आखडला असेल. आई सरळ पायऱ्या उतरून कॅमेऱ्यासमोर गेली, नटीला दंडाला धरून उभं केलं आणि म्हणाली, "रोती क्या है? रोने से मिलेगी? माइक किधर है?"

आता इथे थांबून सांगायला हवं. मी सहा वर्षांची असताना, कार्तिक पौर्णिमेला, ह्याच घाटावर हरवले होते. दिवे बघत बघत भलत्याच बाईचा पदर धरून ब्रह्माघाटाच्या पुढे गेले. आईने काय केलं, तर घाटावर एका मंडपात प्रवचन चाललं होतं तिथे ती शिरली. महाराज माया ह्या विषयावर बोलत होते. आईने त्यांच्यासमोरचा माइक उचलला, माझं घरातलं नाव घेतलं आणि मराठीत ओरडली, "मी इथेच आहे! हरवलीयेस तू! जिथे आहेस तिथे बोंब मार!" महाराज म्हणे डोळे मिटून बसून राहिले. मी बोंब मारली. एका नावाड्याने ऐकलं आणि मला खांद्यावर टाकून आणलं. आईने मला एक धपाटा घातला, महाराजांना माइक परत दिला आणि सांगितलं, "चालू द्या."

तर घाटावर त्या दिवशी आईने सहायक बाईच्या हातातला कर्णा घेतला. कुठलं बटण दाबायचं ते तिला कळलं नाही, पण तिला बटणाची गरजही नव्हती. सिनेमातल्या मुलीचं नाव तिने सकाळपासून शंभर वेळा ऐकलं होतं. तिने ते असं काही हाकारलं की वरच्या मशिदीवरची कबुतरं उडाली. आणि ती आठ वर्षांची बालनटी, जिला नावेच्या आड लपून राहायला सांगितलं होतं, ती "आयी!" म्हणून धावत आली. येऊन आईला बिलगली, नटीला नाही. आईने तिलाही धपाटा घातला.

सगळा घाट हसत होता. होड्यांतले मल्लाह टाळ्या पिटत होते. नटी हसता हसता पायरीवर बसली, आणि तेव्हा पहिल्यांदा तिची मान सरळ होती. दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला. "हे ठेवा ना," मी त्याला म्हटलं. खरंच म्हटलं. तो सभ्य माणूस होता, समजावून सांगायला लागला की दीदी, इथे प्रेक्षकाला असहाय वाटायला हवं. आई इतकी कामाची निघाली तर कोर्ट मुलगी नेईल कशाला? पुढचा अर्धा सिनेमाच पडेल.

मग आम्हाला मानाने घरी पाठवण्यात आलं. आईला त्यांनी शाल दिली. नटी सहाव्यांदा कोसळली.

पुढच्या वर्षी सिनेमा लागला. मॉलमध्ये. आई, मी आणि आत्या गेलो. आत्या आता ब्याऐंशीची आहे, गुडघे गेलेत, पण आईवरचा सिनेमा म्हटल्यावर तिला राहवलं नाही. "माझं पात्र कोण करतंय?" एवढंच तिने विचारलं. तिचं पात्र नव्हतं. ती मध्यंतरापर्यंत धुमसत होती.

आईला पहिली दहा मिनिटं आवडली, कारण त्यात आमची गल्ली होती. "बघ, आपला नळ!" ती ओरडली. त्यानंतर नटीची मान कलती झाली आणि आईचं लक्ष उडालं. तिने समोसा खाल्ला, माझा समोसा खाल्ला आणि आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. आत्याने ते डोकं तिथेच राहू दिलं. चाळीस वर्षं एकमेकींशी भांडून झाली की असं होत असावं.

मग तो प्रसंग आला. कोर्टातून मुलगी गेलेली आहे. रिकामं घर. समईचा उजेड. नटी देवासमोर बसते, ब्लाउजमधून घडी घातलेला कागद काढते, उलगडते आणि वाचायला लागते. कागद उलटा आहे. कॅमेरा हळूहळू जवळ जातो. बासरी.

सगळं थिएटर मुसमुसायला लागलं. शेजारचे एक गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. आणि मला सांगायला लाज वाटते, पण मीही रडत होते. मीच रचलेल्या थापेवर! घळाघळा, नाक गळेपर्यंत. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता, आणि रडू तर थांबत नव्हतं.

बासरीने आई जागी झाली. तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे काय चाललंय?"

मी नाक पुसत हळूच म्हटलं, "माझी मार्कशीट. तू वाचायचीस."

"मी?" आई त्या शांततेत, तिच्या घाटावरच्या आवाजात म्हणाली, "मी कधी वाचली? मी ती बरणीला बांधली होती!"

मागच्या रांगेतून कुणीतरी शूऽऽ केलं. आत्या उलट वळून म्हणाली, "शू काय? बरोबर बोलतेय ती. माझ्यासमोर बांधली होती." आयुष्यात पहिल्यांदा आत्याने आईची बाजू घेतली, तीही लोणच्यासाठी.

सिनेमा सुटल्यावर आत्याला तिच्या मुलाने घरी नेलं. आईला लस्सी हवी होती. लस्सी म्हणजे रामनगरची, ह्यावर तिचं मत बदलत नाही. आम्ही ई-रिक्षा केली आणि पुलावरून पलीकडे गेलो. बाकावर बसून मातीचं कुल्हड हातात आल्यावर आईने बोटाने साय बाजूला केली, आधी साय खाल्ली, आणि मला विचारलं, "तू का रडत होतीस? खोटंच होतं ना ते?"

"हो."

"कुणी सांगितलं त्यांना खोटं?"

"मी."

"का?"

आता पळायला वाव नव्हता. मी म्हटलं, "खरं सांगायची लाज वाटली म्हणून." आणि मग सांगितलं. शाळेचं मैदान, डबा, मैत्रीण, मी काय म्हटलं ते. नजर लस्सीवर ठेवून सांगितलं. दुकानातला पंखा कटकट करत होता, शेजारी दोन माणसं क्रिकेटवर वाद घालत होती. माझं सांगून संपलं तरी आई सायच चाटत होती.

"आठवतंय तुला?" मी विचारलं.

"आठवतंय की. अण्णांची चप्पल घातली होती. फार बोंब मारली त्यांनी."

"मी जे म्हटलं ते तेव्हा कळलं होतं तुला?"

"न कळायला काय झालं? हिंदीतच बोललीस."

"मग तू बाईंना तसं का सांगितलंस?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती घड्याळाकडे बघते. "तू घाबरली होतीस. मी म्हटलं, हिचं खोटं उघडं पडलं तर त्या पोरी हिला मारतील."

आईने कुल्हड खाली ठेवलं.

"राग नाही आला?" मी विचारलं.

"आला ना! खूप आला." तिचा चेहरा त्या आठवणीने पुन्हा लाल झाला. "मी आठ दिवस तुझ्या भाजीत मीठ घातलं नाही. सगळ्यांची वेगळी काढायची, आणि तुझी अळणी."

"मला आठवत नाही."

"तू खाल्लीस मुकाट्याने. एकदासुद्धा विचारलं नाहीस." मग तोंड पुसून म्हणाली, "मग मला कंटाळा आला, वेगळं करायचा."

मी तिथे रामनगरच्या बाकावर हसायला लागले. हसता हसता पुन्हा डोळे भरले, पण ते वेगळं होतं, त्यात बासरी नव्हती. तीस वर्षं मी जिच्या अजाणपणाची कीव करत होते, तिने मला पकडलं होतं, शिक्षा केली होती, शिक्षा भोगून झाल्यावर सोडूनही दिलं होतं. आणि मला पत्ता नव्हता. आम्हा दोघींत मंद कोण, हा प्रश्न निदान त्या आठ दिवसांपुरता निकालात निघाला.

"माफ कर गं," मी म्हटलं.

"केलं," आई म्हणाली. "आता अजून एक लस्सी सांग. ह्याने साय कमी घातली."

दुकानदाराशी तिचं सायीवरून भांडण झालं, ते ती जिंकली.

चार दिवसांनी नटीचा फोन आला. सिनेमाचं सगळीकडे कौतुक चाललं होतं, आणि सर्वांत जास्त त्या मार्कशीटचं. ती आभार मानत होती. मी तिला सांगून टाकलं की ते मी बनवलं होतं. मग ती म्हणाली, "दीदी, तुम्ही तर माझ्याहून चांगली नटी आहात." त्यात राग होता की नाही, कळलं नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "माँजी कशा आहेत? त्यांना सांगा, मी आता पोळी खाते." मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं. फार वाळली होती."

ह्या जानेवारीत आमच्या बँकेचा वार्षिक समारंभ झाला. वीस वर्षं मी अशा समारंभांना एकटी जाते. घरी सांगायची, "फक्त स्टाफ आहे." ह्या वेळी आईला घेऊन गेले. तिने शूटिंगात मिळालेली शाल पांघरायला नकार दिला, टोचते म्हणून, आणि माझं स्वेटर घातलं. दारातच मॅनेजरसाहेब भेटले. मी म्हटलं, "सर, ही माझी आई." एवढंच. फार काही झालं नाही. त्यांनी नमस्कार केला, आईने केला, आणि विचारलं की जेवण कधी आहे.

जेवणाच्या रांगेत साहेबांची बायको आली. तो सिनेमा आईवर बेतलाय असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिने आईचे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, "माँजी, हमने वो पिक्चर देखी. हम बहुत रोए."

आईने तिला नखशिखांत न्याहाळलं. रांग मागे थांबली होती, आणि पुढे कढीचं पातेलं उघडं होतं.

"रोना हो तो उधर बैठ के रो लो बेटी," आई म्हणाली. "इधर खाना ठंडा हो रहा है."

तिने आपले हात सोडवून घेतले आणि ताट उचलून पुढे झाली. मी तिच्या ताटात भात वाढला, आणि साहेबांच्या बायकोच्याही.